वाळूजच्या एका नोकरीमागे किती घरं? शहराचं मॉडेल स्प्रेडशीटवर बांधताना

रस्ता झाला म्हणून वस्ती येते, की वस्ती झाली म्हणून रस्ता करावा लागतो? छत्रपती संभाजीनगरात दोन्ही बघायला मिळतं. सिडकोत रस्ते आधी आखले, घरं मागून आली. सातारा-देवळाईत शेताचे गुंठे पाडून आधी विकले, लोकांनी घरं बांधली, आणि रस्ता, ड्रेनेज, नळ यांच्या मागण्या नंतर सुरू झाल्या. शहराच्या वाढीचं संगणकी मॉडेल म्हणजे या दोन्ही दिशांचा हिशेब एकाच वहीत मांडणं. रस्त्यामुळे घर कुठे येईल, आणि घरामुळे रस्ता किती भरेल.

मी नकाशावाली. नगररचनेची कामं घेणाऱ्या एका छोट्या ऑफिसात बसते, आणि इंटर्नशिपला येणाऱ्या पोरापोरींना हे शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे. ती पोरं आल्या आल्या विचारतात, ‘मॅडम, सॉफ्टवेअर कोणतं?’ माझं उत्तर ठरलेलं: लिब्रेऑफिस कॅल्क. नाहीतर एक्सेल. नकाशासाठी क्यूजीआयएस, फुकट मिळतं. शहर कसं चालतं ते स्प्रेडशीटमध्ये मांडता आलं नाही, तर महागडं सॉफ्टवेअर फक्त रंगीत चित्र काढून देतं.

हद्द मनपाची धरू नका

पहिलं काम हद्द ठरवायचं. मनपाची हद्द घेतली तर मॉडेल तिथेच लंगडं होतं, कारण या शहराच्या पोटापाण्याचा मोठा भाग हद्दीबाहेर आहे. वाळूज एमआयडीसी, बजाजनगर, रांजणगाव, वडगाव कोल्हाटी, पूर्वेला शेंद्रा, दक्षिणेला पैठण रोडवरचं बिडकीन. माणूस सकाळी कुठून निघतो आणि कुठे कामाला जातो, त्या दोन्ही टोकांना सामावेल एवढी हद्द हवी. २०११ च्या जनगणनेत मनपाची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास आहे, पण वडगाव कोल्हाटीसारखी जनगणना नगरं (कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणना शहर मानते अशी गावं) त्यात नाहीत. ती वेगळ्या ओळीतून उचलावी लागतात.

मग त्या हद्दीचे झोन पाडा. वीस-पंचवीस पुरे. वॉर्डांच्या सीमा जनगणनेच्या आकड्यांसाठी सोयीच्या असतात, पण मी एक नियम पाळते: रेल्वेरूळ, छावणी आणि डोंगर यांच्या दोन्ही बाजू कधीच एका झोनमध्ये टाकायच्या नाहीत. रूळ ओलांडायला मोजक्याच जागा आहेत. नकाशावर सरळ रेघ मारली तर गारखेड्यापासून देवळाई हाकेच्या अंतरावर वाटते; गाडीवर जाऊन बघा. छावणी तर नगर रोडवर शहर आणि वाळूज यांच्या मधोमध बसलेली आहे आणि तिथे मोकळी जागा दिसली तरी प्लॉट पडणार नाहीत. म्हणून झोन-झोनमधलं अंतर कधी सरळ रेषेत मोजू नका, रस्त्याने मोजा, आणि शक्य तर किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत.

आकड्यांचं दुखणं वेगळंच आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ नंतरचं सगळं अंदाजाने भरावं लागतं. मालमत्ता कराची खाती, घरगुती वीजजोडण्या, मतदारयादी, यांतलं जे मिळेल त्यातून झोनचा वाटा काढायचा. मला वीजजोडण्या सगळ्यांत भरवशाच्या वाटतात. गुंठेवारीतल्या घराला कराची पावती नसेल, नळ नसेल, पण मीटर असतोच.

नोकरी मोजा, मग माणसं

आता मॉडेलचा गाभा. अमेरिकेतल्या पिट्सबर्गसाठी आयरा लाउरी यांनी १९६४ साली जो हिशेब मांडला, तोच मी अजून शिकवते. पिट्सबर्ग पोलादाचं शहर होतं, आपल्याकडे वाळूज आहे. रचना मात्र जुळते. लाउरींचं म्हणणं असं: काही नोकऱ्या शहरातल्या गिऱ्हाइकावर अवलंबून नसतात. कारखान्याचा माल देशभर, परदेशात जातो, म्हणून कारखाना कुठे बसणार हे बाहेरून ठरतं. या झाल्या मूळ नोकऱ्या. त्या कामगारांची कुटुंबं शहरात राहतात. त्या कुटुंबांना किराणा, शाळा, दवाखाना, सलून, रिक्षा लागते. म्हणजे सेवेच्या नोकऱ्या तयार होतात. त्या नोकऱ्या करणाऱ्यांचीही कुटुंबं असतात, त्यांनाही किराणा लागतो. असं पुढे पुढे.

हातचे सोपे आकडे घेऊन करून बघा. हे शहराचे खरे आकडे नाहीत, फक्त हिशेब कळण्यासाठी आहेत. समजा १०,००० मूळ नोकऱ्या. एका नोकरीमागे घरात ३ माणसं. दर १० माणसांमागे सेवेची १ नोकरी. पहिल्या फेरीत १०,००० नोकऱ्यांवर ३०,००० माणसं, त्यांच्यासाठी ३,००० सेवा-नोकऱ्या. त्यांची ९,००० माणसं, त्यांना ९०० नोकऱ्या. मग २,७०० माणसं, २७० नोकऱ्या. प्रत्येक फेरीचा आकडा आधीच्या तीन दशांश, त्यामुळे बेरीज लवकर थांबते: सुमारे ४२,८५७ माणसं आणि १४,२८६ नोकऱ्या. स्प्रेडशीटमध्ये दहा ओळी खाली ओढल्या की झालं. एकच खबरदारी: नोकरीमागची माणसं गुणिले माणसामागच्या सेवा-नोकऱ्या हा गुणाकार १ च्या खालीच राहिला पाहिजे. वर गेला तर शहर अनंतापर्यंत फुगतं, आणि पोरं म्हणतात मॅडम कॉम्प्युटर हँग झाला.

मराठवाड्यात या हिशेबाला एक पुरवणी लागते. वाळूजला कंत्राटी काम करणारा पोरगा जालना, बीड, परभणीकडच्या गावाहून आलेला असतो, चौघं मिळून एक खोली घेतात, घरचे गावीच राहतात. त्याच्यामागे इथे तीन माणसं धरली तर घरांची मागणी फुगेल आणि खोल्यांची दिसणारच नाही. म्हणून मूळ नोकऱ्यांचे दोन भाग करा, कायम आणि कंत्राटी, आणि दोघांचे गुणक, म्हणजे एका नोकरीमागची माणसं, वेगळे ठेवा. कंत्राटीचा १.२ किंवा १.३ ठेवून बघा आणि बजाजनगर-रांजणगावच्या प्रत्यक्ष चित्राशी ताडा.

घर कुठे घेणार?

माणसं किती ते कळलं. कुठे राहतील? इथे दोनच गोष्टी पुरतात: झोनमध्ये घरांना जागा किती, आणि कामापासून वेळ किती. प्रत्येक झोनचं वजन काढायचं: जागा गुणिले वेळेप्रमाणे घटणारा एक आकडा. तो आकडा स्प्रेडशीटच्या ईएक्सपी या फंक्शनने मिळतो. कंसात उणे ०.०५ गुणिले मिनिटं. ०.०५ चा अर्थ असा की दर १० मिनिटं वाढली की ओढ सुमारे ६१ टक्क्यांवर येते.

वाळूजला कामाला लागलेली १,००० कुटुंबं वाटायची आहेत. पुन्हा हातचेच आकडे. बजाजनगर बाजूला २,००० घरांना जागा, १० मिनिटं. पडेगाव-मिटमिट्यात १,५००, २० मिनिटं. सिडकोत ५००, ३५ मिनिटं. सातारा-देवळाईत ३,०००, ३० मिनिटं. वजनं येतात अनुक्रमे १,२१३, ५५२, ८७ आणि ६६९. बेरीज २,५२१. आता प्रत्येकाचा वाटा काढा: बजाजनगर ४८१, पडेगाव २१९, सिडको ३५, सातारा-देवळाई २६५.

यातली मजा पुढे आहे. समजा बीड बायपासवरची वाट सुधारली आणि सातारा-देवळाईचा वेळ ३० वरून २० मिनिटांवर आला. बाकी काही बदललं नाही. तिचं वजन ६६९ वरून १,१०४ होतं, आणि २६५ च्या जागी सुमारे ३७३ कुटुंबं तिकडे जातात. बजाजनगरची ४८१ वरून ४१० वर येतात. रस्ता एकीकडे केला आणि घरभाडं दुसरीकडे पडलं, हे असं घडतं. प्लॉटवाले हेच गणित तोंडी करतात: ‘ताई, आज इथं काय दिसत नाही, रस्ता होऊ द्या, मग बगा.’ त्यांच्याकडे ईएक्सपी नसतं एवढंच.

०.०५ हा आकडा मात्र हवेतून घ्यायचा नाही. शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर उभं राहा आणि तीनच प्रश्न विचारा: कुठून येता, कशाने येता, किती वेळ लागतो. दोनेकशे उत्तरं जमली की सरासरी वेळ काढा. मॉडेलमधली सरासरी त्याच्याशी जुळेपर्यंत तो आकडा खालीवर करा. कंपनीच्या बसने येणारे, मोटरसायकलवाले आणि शेअर रिक्षावाले वेगळे नोंदवा. कंपनीची बस दारातून नेत असेल तर माणूस दूरही आनंदाने राहतो, आणि त्याचा आकडा वेगळा निघतो.

रस्ता भरतो तेव्हा

वरच्या उदाहरणात एक खोट राहिली. शंभरभर कुटुंबं सातारा-देवळाईत वाढली तर त्यांच्या गाड्या बायपासवरच येणार, मग २० मिनिटं २० राहतील का? रस्त्याच्या भरण्यामुळे वेळ किती वाढतो यासाठी १९६४ पासून अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सचं एक सूत्र चालतं. रस्त्यावरची वाहनं भागिले रस्त्याची क्षमता, त्याचा चौथा घात, गुणिले ०.१५, अधिक १. याने मोकळ्या रस्त्याचा वेळ गुणायचा. रस्ता काठोकाठ भरला तर वेळ १५ टक्केच वाढतो. पण क्षमतेच्या दीडपट गाड्या आल्या की वेळ १.७६ पट, दुप्पट आल्या की ३.४ पट. जालना रोडवर संध्याकाळी अडकलेल्याला हा चौथा घात समजावून सांगावा लागत नाही.

०.१५ आणि ४ हे आकडे अमेरिकेतल्या, लेनमध्ये चालणाऱ्या मोटारींचे आहेत. आपल्याकडे मोटरसायकल फटीतून निघते आणि रिक्षा सवारी दिसेल तिथे थांबते. म्हणून आधी सगळी वाहनं मोटारीच्या एककात बदलून घ्या, त्यासाठी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं २०१७ चं इंडो-एचसीएम (भारतीय रस्त्यांची क्षमता काढायची पुस्तिका) बघा, आणि मग क्रांती चौक ते सिडको बसस्टँड असा एखादा पट्टा वेगवेगळ्या वेळी गाडीने मोजून आकडे आपल्याला बसते करा.

आता दोन्ही जोडायचं. घरांची वाटणी, त्यावरून प्रवास, त्यावरून रस्त्याचा नवा वेळ, त्यावरून पुन्हा घरांची वाटणी. हे एकाच वेळी सोडवायला जाऊ नका. लोक रस्ता उद्या बदलतात, घर पाच वर्षांनी. म्हणून पाच वर्षांचा एक टप्पा धरा आणि या टप्प्यातली घरं मागच्या टप्प्याच्या वेळेवर वाटा. एक्सेलमध्ये एक शीट म्हणजे एक टप्पा, आणि प्रत्येक शीट आधीच्या शीटमधून वेळ उचलते. चक्राकार संदर्भाची चूकही येत नाही आणि शहराच्या वागण्याशीही हे जास्त जुळतं.

झोनच्या आत, शेताच्या बांधावर

झोनमध्ये अमुक हजार घरं येणार हे कळलं, तरी जमिनीच्या कोणत्या गटात ते कळलं नाही. यासाठी उपग्रहाची चित्रं लागतात. लँडसॅट ५ ची ३० मीटरची (म्हणजे चित्रातला एक चौकोन जमिनीवर ३० मीटरचा) चित्रं १९८४ पासून आहेत आणि २००८ पासून सगळ्यांना फुकट. सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासून. दहा-दहा वर्षांच्या अंतराने दोन-तीन सालं निवडा आणि प्रत्येक चौकोनाला बांधीव की मोकळा असा शिक्का मारा.

इथे आपल्या मातीचा त्रास होतो. मे महिन्यात नांगरून पडलेलं रान, खडी क्रशरचा उघडा पडलेला खडक, पत्र्याची शेड आणि काँक्रीटचं छत उपग्रहाला जवळपास सारखेच दिसतात. एकट्या उन्हाळी चित्रावरून वर्गीकरण केलं तर अर्धं शिवार शहर झालेलं दिसतं. त्यामुळे दोन चित्रं घ्या: एक पावसाळा संपल्यावर कपाशी उभी असतानाचं, दुसरं उन्हाळ्यातलं. जे दोन्हीत कोरडं दिसतं ते बांधीव असण्याची शक्यता जास्त. जे एकात हिरवं झालं ते रान. खडक तरीही फसवतो, तो हाताने वगळावा लागतो. जुलै-ऑगस्टच्या वाटेला जाऊ नका, ढगांशिवाय काही मिळत नाही.

मग क्यूजीआयएसमधलं मोलुस्क नावाचं प्लगइन घ्या. दोन सालांचे नकाशे आणि कारणांचे थर दिले की कोणता चौकोन पुढे बांधीव होण्याची शक्यता किती, ते काढून देतं. कारणांचे थर निवडताना डोकं तुमचं लागतं. माझी यादी अशी: रस्त्यापासून मिनिटं, आधीच्या वस्तीपासून अंतर, उतार, रेडी रेकनरचा (जमिनीचा सरकारी) दर, आणि पाणी. शहराला पाणी जायकवाडीचं आणि नळाला ते काही दिवसांआड येतं, त्यामुळे नळाची लाइन पोचलेली गल्ली आणि टँकरची गल्ली यांचे भाव वेगळे असतात. परदेशी उदाहरणांत हा थर सापडणार नाही, तो तुम्हालाच काढायचा आहे. रेडी रेकनर प्रत्यक्ष व्यवहारापेक्षा मागे असतो, पण झोनांमधली चढउतार त्यातून नीट कळते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

समृद्धी महामार्गाचा थर टाकताना थांबा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे. चढता-उतरता येतं ते फक्त इंटरचेंजवर. ‘रस्त्यापासून अंतर’ या थरात त्याला साध्या रस्त्यासारखा टाकला की मॉडेल त्याच्या पूर्ण लांबीवर वस्ती उगवून दाखवतं. सावंगी, माळीवाडा हे इंटरचेंजचे बिंदू घ्या आणि त्यांच्यापासून अंतर मोजा. शिवाय त्यावर दुचाकीला बंदी आहे. मोटरसायकलवर कामाला जाणाऱ्यासाठी तो रस्ता नसल्यातच जमा, म्हणून कामगारांच्या वेळेच्या तक्त्यात त्याला घेऊ नका. गोदामं आणि ट्रकांच्या हिशेबात घ्या. ‘समृद्धीपासून १० मिनिटं’ अशी पाटी लागली की भाव चढतात हे खरं, पण भाव चढणं आणि माणसं राहायला येणं यात बरीच वर्षं जातात. तेवढी वर्षं तिथे खांब, तारा आणि पाटी एवढंच असतं.

जिथे काहीच येणार नाही त्याचा एक वेगळा थर करा: छावणी, विद्यापीठाचा परिसर आणि त्यामागचे डोंगर, खाम नदीचं पात्र, हर्सूलचा तलाव, विमानतळ. बीबी का मकबऱ्यासारख्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. आणि विकास आराखड्यातलं हिरवं आरक्षण? ते मी पूर्ण बंद धरत नाही, शक्यता कमी करते एवढंच. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट उघडली. कागदावरचा हिरवा रंग पक्का धरणारं मॉडेल आपल्याकडे टिकत नाही.

तपासणी, आणि ९५ टक्क्यांचा फसवा आनंद

२००० आणि २०१० च्या चित्रांवर मॉडेल शिकवा, त्याला २०२० सांगायला लावा, आणि खऱ्या २०२० शी ताडा. पोरं अचूकता ९४ टक्के आली म्हणून पेढे मागतात. थांबा जरा. समजा १०० चौकोनांपैकी दहा वर्षांत ५ बदलले. ‘काहीच बदलणार नाही’ असं सांगणारं बिनडोक मॉडेल ९५ टक्के बरोबर येतं! तुमच्या मॉडेलने २ बरोबर ओळखले, ३ हुकले आणि ३ उगाच सांगितले, तर चुका ६, अचूकता ९४. बिनडोकापेक्षा कमी. म्हणून बदलापुरतंच मोजा: बरोबर ओळखलेले भागिले बरोबर ओळखलेले, हुकलेले आणि उगाच सांगितलेले या तिघांची बेरीज. इथे २ भागिले ८, म्हणजे २५ टक्के. हा आकडा दिसायला लाजिरवाणा वाटतो, पण तो खरा आहे. चौकोन एक-दोन घरं इकडे-तिकडे हुकला तर मला फार वाटत नाही. अख्खी दिशा हुकली तर थर पुन्हा बघा.

‘जर असं झालं तर’

मॉडेल चालवताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी ‘काहीच नवं नाही’ असं एक धावणं (मॉडेल एकदा चालवणं) करून ठेवा आणि बाकी सगळी त्याच्याशी ताडा. ऑरिकमधल्या (शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीतल्या) नोकऱ्या टाकताना जाहीर झालेला आकडा सरळ मूळ नोकऱ्यांत ओतू नका. तीन धावण्या करा: आज चालू असलेले कारखाने, त्यात बांधकाम सुरू असलेले मिळवून, आणि मग जाहीर झालेले सगळे. बिडकीनच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं इतकी वेगळी येतात की पैठण रोडचं काय करायचं हा प्रश्न तिथेच बदलतो.

नगरसेवक किंवा पत्रकार विचारतात, ‘२०४१ ला लोकसंख्या किती?’ एक आकडा देऊ नका. तिन्ही धावण्यांतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा द्या, आणि सोबत फरकाचा नकाशा: रस्ता केला तर कुठे वाढेल, न केला तर कुठे. फाइलच्या पहिल्या शीटवर गृहीतकं लिहा: कोणता गुणक, कुठून घेतला, कोणत्या तारखेला. सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा तुम्हालाच लागेल.

एवढं चालायला लागलं की मग अर्बनसिम बघा. त्यात एकेक कुटुंब, एकेक इमारत वेगळी धरली जाते, त्यामुळे माहितीची भूकही तेवढीच मोठी. सुमो हे जर्मनीत तयार झालेलं सॉफ्टवेअर एकेक गाडी रस्त्यावर चालवून दाखवतं आणि तेही फुकट आहे. आकाशवाणी चौकातला सिग्नल किती सेकंदांचा हवा ते सुमो सांगेल. देवळाईत घरं किती येतील त्यासाठी मात्र स्प्रेडशीटकडेच यावं लागेल.